एमिली ईडनची व्यक्तिचित्रे : छंद की दस्तऐवज?

रेघोटी :
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या मंडळासाठी मी एमिली ईडन या चित्रकर्तीवर सचित्र भाषण तयार करीत आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंड यांची ही बहीण १८३६ मध्ये भावाबरोबर कलकत्त्यास आली आणि १८४२ पर्यंत हिंदुस्थानात राहिली. तिच्या चित्रांवरून केलेल्या शिळाछापांचा ‘पोर्ट्रेट्स ऑफ द प्रिन्सेस अँड पीपल ऑफ इंडिया’ हा संग्रह १८४४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते हा लाटसाहेबांच्या बहिणीचा वेळ घालवण्याचा छंद होता आणि इतिहासाला त्यातून काही मिळत नाही. मला ते पटत नाही, परंतु उत्तर पुराव्यानिशी द्यावे असे वाटते. ही चित्रे कितपत विश्वासार्ह मानावीत?

शिळाछाप :
आपण पडद्यावर बहुधा शिळाछापच दाखवाल, तेव्हा पहिली सावधगिरी तिथेच बाळगावी. मूळ रेखाटने एमिलीबाईंची; ती दगडावर उतरवली लोव्ज डिकिन्सन या चित्रकाराने, लंडनमध्ये, ती माणसे समोर नसताना. काही प्रतींत नंतर हाताने रंगही भरले गेले. म्हणून कांतीच्या छटेवरून किंवा वस्त्राच्या रंगावरून निष्कर्ष काढू नयेत. बैठक, पेहराव आणि हातापायांची ठेवण यांवर मात्र अधिक भरवसा ठेवता येतो, कारण बाईंची नजर नेमकी तिथे खिळलेली असे.

महाराजा रणजितसिंहांचे चित्र घ्या. १८३८ च्या अखेरीस फिरोजपूरला लॉर्ड ऑकलंड यांची त्यांच्याशी भेट झाली आणि तेथून ऑकलंड यांची मंडळी अमृतसर-लाहोरपर्यंत गेली. बोलता बोलता एक पाय खुर्चीवर घेऊन अंगाखाली दुमडायचा आणि त्या पायातला मोजा काढून टाकायचा, ही महाराजांची नेहमीची सवय होती. बाईंनी त्यांना याच बैठकीत रेखाटले आणि सोबतच्या मजकुरात तसे नमूदही केले. खुर्ची होती ती युरोपीय पाहुण्यांच्या मानासाठी. पाय मात्र गादीवर बसण्याच्या सवयीचे राहिले. दरबारी चित्रकाराने हा दुमडलेला पाय क्वचितच ठेवला असता. छंद म्हणून बाजूला सारण्यासारखी ही नोंद नाही.

दप्तरखाना :
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र हा छंद कोणत्या छावणीत जोपासला गेला, हे भाषणात यायलाच हवे. १८३७ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून निघालेला गव्हर्नर जनरलचा लवाजमा पुढे सुमारे १२,००० माणसांचा झाला आणि वाटेत तो दुष्काळाने पोळलेल्या मुलखातून गेला. उपासमारीने खंगलेल्या मुलांची वर्णने बाईंच्याच पत्रांत आहेत. फिरोजपूरची भेट ही अफगाण युद्धाच्या तयारीचा भाग होती. काबूलच्या ज्या अमिराला, दोस्त मोहंमदाला, भावाने गादीवरून काढले, तो १८४० मध्ये शरण येऊन पुढे कलकत्त्यास आणला गेला, तेव्हा त्याचे व त्याच्या कुटुंबीयांचे चित्र बहिणीने काढले. अमिराची बैठक पाहताना तो तिथे कैदी म्हणून होता, हे श्रोत्यांना आधी सांगावे. नाही तर ते चित्र एका पाहुण्याचे वाटेल.

प्रकाशनाचे सालही बोलके आहे. रणजितसिंह जून १८३९ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शेरसिंह आणि शेरसिंहांचा मुलगा प्रतापसिंह यांची सप्टेंबर १८४३ मध्ये हत्या झाली. चित्र काढले तेव्हा प्रतापसिंह अवघा सातेक वर्षांचा, दागिन्यांनी मढवलेला होता, आणि संग्रह लंडनच्या वाचकांच्या हाती पडला तेव्हा तो मुलगा हयात नव्हता. एका चित्रात रणजितसिंहांच्या घोड्याच्या अलंकारांबरोबर कोहिनूरही आहे, तोही बाजूबंदात जडवलेला. इंग्रजांच्या ताब्यात तो १८४९ मध्ये गेला. त्याआधीचे त्याचे कोंदण कसे होते, हे त्या चित्रावरून कळते.

पांथस्थ :
मराठी श्रोत्यांसाठी एक तुलना सुचवतो. जेम्स वेल्सने १७९० नंतरच्या काळात पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची तैलचित्रे केली. तिथे चित्रकाराला दरबाराचा मान राखावा लागे आणि माणसे चित्रासाठी म्हणून बसलेली होती. एमिलीबाईंना कोणी कामगिरी दिली नव्हती, त्यामुळे राजांच्या शेजारी अकाली (शीख योद्धे), फकीर आणि घरातील नोकरचाकरही त्यांच्या कागदावर आले. माझ्या मते संग्रहाचा हा भाग अधिक मोलाचा आहे. फरक एवढाच की राजांची नावे मथळ्यात येतात आणि यांतील बहुतेकांची ओळख जात, पंथ किंवा कामावरून दिली जाते. आपण दोन्ही मथळे शेजारी ठेवून दाखवावेत.

रेघोटी :
सर्वांचे मनापासून आभार. आता क्रम बदलते. आरंभी महाराजांचा तो दुमडलेला पाय मोठा करून दाखवीन, मग दोस्त मोहंमद, आणि प्रतापसिंहाचे चित्र त्याच्या वयासह शेवटी. नोकरचाकरांच्या चित्रांना निदान पंधरा मिनिटे ठेवते. ज्येष्ठ सदस्यांना पहिल्या रांगेत बसण्याची विनंती आजच करीन.