मदत हवी आहे : कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये मराठी शोध आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. माझी ही पहिलीच नोकरी.

दाखल नोंदवहीतली पुस्तकं मी कोहात चढवतेय. उबुंटूवर बसवलंय, नोंदी युनिकोडमध्ये आहेत. तरी शोधात गडबड होते. काल एक आजोबा आले. ‘मुक्तिसंग्राम’ टाकलं तर काहीच निघालं नाही आणि पुस्तक मात्र माझ्या मागच्याच कपाटात! त्यांना तसंच परत पाठवायची वेळ आली असती, तर मला फार लागलं असतं. झेब्रा या कोहाच्या शोधयंत्रणेत अक्षरं ओळखायची सीएचआर पद्धत बदलून युनिकोडची आयसीयू पद्धत लावली की देवनागरी नीट सापडते, असं वाचलं. कुणी केलंय का? आधीच्या नोंदी पुन्हा इंडेक्स कराव्या, म्हणजे शोधसूचीत नव्यानं घ्याव्या लागतात ना?

दुसरं, ‘क्षीरसागर’ आडनाव यादीत ‘क’मध्येच घुसतं. आपल्या कोशांत क्ष, ज्ञ शेवटी येतात. वाचकही तिथंच शोधतात.

आणि सगळ्यात मोठी अडचण. १७ सप्टेंबरला गावातल्या ज्येष्ठांच्या आठवणींची पुस्तिका काढायचीय. मजकूर आधीच्या टायपिस्टनं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेला. माझ्याकडे उघडला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार न तुटणारा कन्व्हर्टर कोणता? नव्वद पानं आहेत, त्यातले दोन-तीन सांगणारे आता हयात नाहीत. एक शब्दही चुकायला नको.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) वाचनालयाच्या नावानं कुणी घेतला असेल तर तेही सांगा.