जीझिपला आता निवृत्ती द्यायची का?

टर्मिनलकर:
आमच्या सर्व्हरवरचे लॉग (नोंदींच्या फाइली) आणि डेटाबेसचे डंप (पूर्ण प्रती) अजून जीझिपनेच, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या जुन्या प्रोग्रामनेच, दाबले जातात. का, तर स्क्रिप्टमध्ये पहिल्यापासून तसं आहे म्हणून! जीझिप १९९२ चं. मागे वळून बघायची त्याची खिडकी फक्त ३२ केबी. तीच ओळ ४० केबी आधी येऊन गेली असली तरी त्याला पत्ता नसतो. तेच काम करणारं नवं झेडस्टँडर्ड २०१६ पासून फुकट उपलब्ध आहे. मी आमच्या लॉगवर दोन्ही चालवून पाहिली, झेडस्टँडर्डने जीझिपला कुठल्या कुठे मागे टाकलं. आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराने आपली सॉफ्टवेअर पॅकेजेस एक्सझेडवरून (हाही फाइल दाबणारा प्रोग्राम) झेडस्टँडर्डवर नेली, तेव्हा एकूण आकार जेमतेम ०.८ टक्के वाढला, पण उलगडायचा वेग सुमारे १३०० टक्क्यांनी वाढला. आता बोला.

जुना_प्रॉम्प्ट:
बोलतो. जीझिपच्या आधी कॉम्प्रेस नावाचा प्रोग्राम होता, पण त्यातल्या एलझेडडब्ल्यू या दाबायच्या पद्धतीवर पेटंट. ते टाळायला ज्याँ-लू गायी (Jean-loup Gailly) आणि मार्क अ‍ॅडलर या दोघांनी जीझिप लिहिलं, म्हणून तर ते घरोघरी पोचलं. माझ्या जुन्या राउटरवरही ते आहे, झेडस्टँडर्ड नाही. फाइल समोरच्याला उघडलीच नाही तर तुमचा वेग काय चाटायचाय?

अर्धा_चहा:
तुम्ही दोघं वेगावरच अडलात. माझा बॅकअप महिन्यातून एकदा होतो, मग वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मला जागा वाचवायची आहे. एक्सझेड, पातळी ९, म्हणजे जास्तीत जास्त दाबणारी. दाबताना ६७४ एमबी मेमरी खातं, खाऊ दे, रात्री मशीन रिकामंच असतं.

टर्मिनलकर:
एक्सझेड? मार्च २०२४ विसरलात? त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा, म्हणजे मुद्दाम लपवलेला घुसखोरीचा कोड, निघाला होता. एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खणून काढलं म्हणून आपण वाचलो.

अर्धा_चहा:
त्यात फॉरमॅटचा काय दोष? एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या माणसाचा विश्वास कमावून केलेला दगा होता तो. जीझिप तरी किती जण सांभाळतात, बघा एकदा.

जुना_प्रॉम्प्ट:
टर्मिनलकर, एक विचारू? तुमची तुलना करताना झेडस्टँडर्ड प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर चालवलंत आणि जीझिप एकाच कोअरवर, असं तर नाही ना? अ‍ॅडलर यांचाच पिगझ हा प्रोग्राम आहे, सगळे कोअर वापरतो आणि फाइल जीझिपचीच बनते.

टर्मिनलकर:
पकडलंत. 😅 दोन्ही एकेका कोअरवर चालवून पाहिलं. झेडस्टँडर्डच आधी संपलं, पण मी मिरवत होतो तेवढा फरक नाही. लॉग तरी मी हलवणारच. बाहेर पाठवायचं ते राहू दे जीझिपमध्ये.

रात्रपाळी:
लॉग हलवताय तर एक सांगतो. जीझिप काम झालं की मूळ फाइल काढून टाकतं, झेडस्टँडर्ड ती तशीच ठेवतं. मी स्क्रिप्टमध्ये फक्त कमांडचं नाव बदललं आणि निवांत झोपलो. सकाळी डिस्क शंभर टक्के भरलेली. मूळ फाइल काढायचा पर्याय आठवणीने लावा.