अंजिरापासून यकृतापर्यंत

फ्रेंच ‘फ्वा’ आणि स्पॅनिश ‘ईगादो’ हे यकृतवाचक शब्द इतके वेगळे दिसत असताना एकाच मुळातून कसे निघाले, अशी शंका येणे रास्त आहे. लॅटिनमध्ये यकृताला ‘येकुर’ म्हणत. परंतु अंजिरे चारून पुष्ट केलेल्या प्राण्याच्या यकृताला ग्रीक शब्दयोजनेच्या धर्तीवर ‘येकुर फिकातुम’ (‘अंजिरांचे यकृत’) हे नाव पडले, आणि पुढे ‘येकुर’ हे मूळ नाम गळून उरलेले ‘फिकातुम’ हे विशेषणच कोणत्याही यकृताचे, अगदी माणसाच्याही, नाव होऊन बसले. पोर्तुगीज ‘फीगादो’मध्ये ते सहज ओळखू येते, स्पॅनिशमध्ये आरंभीचा ‘फ’ आधी ‘ह’ झाला आणि मग उच्चारातून लोपला. मला सर्वांत मोलाची वाटते ती रोमेनियन ‘फिकात’ची साक्ष, कारण लॅटिनमधील दुसऱ्या अक्षरावरचा आघात तिथे टिकला आहे, तर इटालियन ‘फेगातो’त तो पहिल्या अक्षरावर सरकला आहे.