स्नोब्लोअरची पिन सारखी तुटतेय, तातडीने मदत हवी आहे

बफेलोकर:
बर्फ उडवणाऱ्या यंत्राची (स्नोब्लोअरची) पिन शनिवारपासून तिसऱ्यांदा तुटली. आज रात्री लेक इफेक्टचा (मोठ्या तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे पडणारा) फूटभर बर्फ सांगितलाय आणि बायकोला सकाळी सहाला ड्यूटीवर निघायचंय. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी प्लाऊची गाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाची जी भिंत घालून जाते, ती फावड्याने हलत नाही. बेल्टही नवा टाकला. आता काय बदलू?

हिमगौरी:
सिंगल स्टेज की टू स्टेज (बर्फ ओढायला आणि फेकायला वेगळे भाग असलेला)? इंजिन चालू राहतं का? नेमकं काय थांबतं?

बफेलोकर:
टू स्टेज, २४ इंची. इंजिन ठणठणीत आहे. पुढचा बर्फ ओढणारा डावा फिरता स्क्रू (ऑगर) थांबतो, उजवा फिरत राहतो.

गराजकाका:
मग बेल्टचा खर्च उगाच झाला. बेल्ट गेला असता तर दोन्ही बाजू थांबल्या असत्या. हार्डवेअरच्या दुकानातून ग्रेड ८ चा, म्हणजे खूप मजबूत, बोल्ट आणा आणि पिनच्या जागी घाला. माझा पाच वर्षं टिकलाय.

हिमगौरी:
काका, हे कुणाला सांगू नका हो! शिअर पिन मुद्दाम तुटण्यासाठीच असते. ती तुटली नाही तर सगळा धक्का गिअरबॉक्समध्ये जातो आणि आतल्या ब्राँझच्या गिअरचे दात उडतात. आमचा तसाच गेला.

गराजकाका:
माझा नाही गेला.

पेट्रोलमित्र:
उन्हाळ्यात टाकी रिकामी करता का? इथेनॉलचं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरचं जेट चोंदतं. स्टॅबिलायझर घालत जा.

बफेलोकर:
इंजिन एका दोरीत सुरू होतं. पिनचं बोला ना.

टोरंटोची मावशी:
सीझनभरासाठी प्लाऊवाला ठरवून टाका बाबा. आम्ही तेच केलं, कंबर वाचली.

हिमगौरी:
पिन कुठे तुटते, प्लाऊच्या ढिगात की साध्या जागी? आणि स्किड शू कसे आहेत?

बफेलोकर:
गराजसमोर काँक्रीटचा जोड जरा वर आलाय, तिथे खटकन तुटते. स्किड शू म्हणजे दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्या ना? त्या दोन वर्षांपूर्वीच झिजल्या. त्यांचा काय संबंध?

हिमगौरी:
अहो, हे आधी सांगायचं! मशीनचा पुढचा भाग त्या पट्ट्यांवरच उचललेला राहतो. त्या झिजल्या की स्क्रेपर बार (तळाची बर्फ खरवडणारी पट्टी) आणि ऑगर जमिनीला टेकतात, जोडाला अडकतात आणि पिन तुटते. बऱ्याच मॉडेलांचे शू उलटे करून लावता येतात, तुमचे बघा. आधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढा. स्क्रेपर बारखाली ३ मिमी जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा, शू सैल करून जमिनीला टेकवा आणि बोल्ट आवळा. पिन मात्र तुमच्या मॉडेलचीच घ्या. ती तुटल्यावर डावा ऑगर थांबतो म्हणजे शाफ्टवर गंजून चिकटलेला नाही, ही चांगली गोष्ट आहे. तिथल्या निपलमध्ये ग्रीस भरा.

टोरंटोची मावशी:
आणि चूट (बर्फ बाहेर फेकणारी नळी) तुंबली तर इंजिन बंद असलं तरी हात घालू नका. काठीनेच मोकळी करा. आमच्या ओळखीत एकाची बोटं गेली आहेत.

बफेलोकर:
शू उलटे करून लावले. जोडावरून तीनदा गेलो, पिन शाबूत. सहाच्या आधी गाडी रस्त्यावर होती. हिमगौरी, मनापासून आभार! स्क्रेपर बारही पातळ झालाय, पण त्याचे बोल्ट गंजून जाम आहेत.

गराजकाका:
रात्रभर पेनिट्रेटिंग तेल मारून ठेवा, सकाळी लांब दांड्याचा पाना लावा. बोल्टचं डोकं झिजलं तर ग्राइंडरने उडवा आणि नवे बोल्ट आधीच आणून ठेवा.