आता पुणेकरांनी फुटबॉलमध्ये कुठली टीम धरायची?

एफसी पुणे सिटीची नारंगी जर्सी अजून कपाटात आहे, पाठीवरचा 10 सोलून निघालाय. 2018 च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलला बंगळुरूत 3-1 हरलो, त्यांच्या सुनील छेत्रीची हॅटट्रिक. 2019 ला आख्खी टीमच हैदराबादला. आता आयएसएलमध्ये मुंबईला सपोर्ट? जिवावर येतं हो.

— मुंबईचं नावसुद्धा काढू नका! आम्ही त्याआधीच्या, वेगळ्या क्लबचे, पुणे एफसीवाले. 2012-13 ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरे आलो होतो. पण मॅच बालेवाडीत, पेठेतून दोन बस बदलायच्या. कोण येणार?

— आय-लीगमध्ये पुण्याच्याच भारत एफसी एक सीझन, डीएसके शिवाजियन्स दोन. इथे टीम भाडेकरूसारख्या, अकरा महिन्यांचा करार.

— भाडेकरू तरी डिपॉझिट देतो, काका. जर्सी परवा आईने फडक्यांत टाकलेली, कशीबशी वाचवली.