मदत हवी: रविवारी तांबडी सुर्लाला अनवाणी जायचंय, पाय दुखतोय

फोंड्याचा_अनवाणी (बुधवार, रात्री १०:४०)
नमस्कार. रविवारी आमचा ग्रुप तांबडी सुर्लाच्या धबधब्यावर जातोय. मी अनवाणी जाणार हे पक्कं आहे, त्यामुळे ‘बूट घाल’ एवढं सोडून काहीही सांगा. गेल्या रविवारपासून उजवा पाय दुखतोय. तीन दिवसांत बरा व्हायला काय करू? उद्या ग्रुपला कळवायचंय, लवकर सांगा.

काजूची_बाग
भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लाव बाबा. वितळवायचं, कोमट असतानाच टाचेच्या भेगांत भरायचं आणि वरून जुने मोजे घालून झोपायचं. आमचा सत्तरी तालुक्यातला जन्म काजूच्या बागेत अनवाणी गेला. सासूबाईंचे पाय पंचाहत्तरीतसुद्धा मऊ होते. विकतच्या क्रीमला तो गुण नाही.

फोंड्याचा_अनवाणी
काकी, भेगा नाहीत. पाय दुखतोय.

रानवाटा
कुठे दुखतोय? टाच, चवडा की घोटा? काटा मोडलाय का? अनवाणी कधीपासून चालतोस आणि कसल्या जमिनीवर? वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते, वनखात्याची परवानगी कोण काढतंय?

फोंड्याचा_अनवाणी
काटा नाही. परवानगी लीडर बघतोय. चालायची सवय आहे मला.

मडगावकर_७१
पातळ तळव्याचे, बोटं सुटी राहतील असे बूट मिळतात. मी गेली दोन वर्षं तेच वापरतो. एक नंबर मोठा घ्या, ओढ्यात भिजले की आवळतात.

डिचोलीकर
त्याने बूट नको म्हटलंय, मडगावकर. आमच्या शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून अनवाणी जातात. पाय घडवावा लागतो. दुखतोय म्हणजे घडतोय, चालत राहा.

फिजिओ_म्हापसा
डिचोलीकर, धोंड व्रत पाळून जातात आणि निखारे काही क्षणांत पार करतात. ती श्रद्धा मलाही आहे, पण तिच्यावरून तासन्‌तासांची दगडधोंड्यांची वाट ठरवू नका. फोंडेकर, तुम्ही रानवाटांना अर्धंच उत्तर दिलंत. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येते का? वरून सूज आहे? आणि ‘सवय’ म्हणजे नेमके किती दिवस?

फोंड्याचा_अनवाणी
बरं, सगळं सांगतो. तीन आठवडे झाले. पहिले दोन आठवडे ऑफिस सुटल्यावर मिरामारच्या वाळूत अर्धा तास. मग गेल्या शनिवारी आणि रविवारी घरामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, रोज सात किलोमीटर. दुखतंय पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, रुपयाएवढ्या जागेत. दाबलं की जीव जातो. सकाळी कमी असतं, संध्याकाळी बूट काढताना जास्त. थोडी सूजही आहे.

हट्ट का, तेही सांगतो. सड्यावर जांभ्याची छिद्रं टोचतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल आधी टेकवून मगच भार द्यावा लागतो. मधेच दोन दगडांच्या फटीत साठलेली माती लागते, रात्रीचं दव पिऊन गार झालेली. तिच्यावर पाऊल पडलं की पाठीपर्यंत बरं वाटतं. दहा वर्षं ट्रेक करतोय, पायाखाली काय आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. म्हणून रविवार सोडवत नाही.

फिजिओ_म्हापसा
आता नीट कळलं. रविवारी जाऊ नका, ना अनवाणी, ना बुटात. मेटाटार्सल म्हणजे पावलाच्या लांब हाडाला केसाएवढा तडा जात असण्याची शक्यता आहे. वाळू दबते, जांभा दबत नाही. वर्षानुवर्षं बुटात राहिलेल्या हाडावर दोन दिवसांत चौदा किलोमीटरचा मार पडला. स्नायू थोडक्या दिवसांत तयार होतात, हाडाला महिने लागतात. २०१३ मधल्या एका अभ्यासात नेहमीच्या धावपटूंना दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळव्याच्या बुटांवर आणलं, तरी १९ पैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. मडगावकर, हे तुमच्यासाठीही. उद्याच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये तडा बऱ्याचदा दिसत नाही, तेव्हा ‘काही नाही’ ऐकून निघून येऊ नका. मालिश करू नका, उडी मारून बघू नका.

काजूची_बाग
हाड मोडलं असतं तर पोराला पाय टेकवता आला असता का?

फिजिओ_म्हापसा
टेकवता येतो काकी, म्हणूनच लोक चालत राहतात आणि तडा वाढतो.

डिचोलीकर
‘चालत राहा’ हे शब्द मागे घेतो, जागा माहीत नव्हती. पण अनवाणी चालून पाय बधिर होतो असं कुणी म्हणू नये. केनियात तपासलंय: घट्टा कितीही जाड झाला तरी तळव्याला स्पर्श तेवढाच कळतो. बुटाच्या गादीचं तसं नाही.

रानवाटा
घट्ट्याने गोचीड अडत नाही. पाऊस सरला की सत्तरीच्या रानात गोचिडी वाढतात. २०१५ साली तिथल्या पाली गावात गोचिडींमुळे पसरणारा माकडताप आला होता, विसरू नका. रानातून आल्यावर बोटांच्या बेचक्या, घोटे, गुडघ्यामागची खळगी बघायची आणि गरम पाण्याने आंघोळ करायची. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी अनवाणी नेत नाही, कारण पाचोळ्यात फुरसं दिसत नाही.

मडगावकर_७१
जळवांना मीठ बरं की तंबाखूचं पाणी?

रानवाटा
मडगावकर, वेगळा धागा काढा. जळू नखाने बाजूला सरकवली की सुटते.

फोंड्याचा_अनवाणी (शुक्रवार, रात्री ८:१५)
दाखवून आलो. एक्स-रे स्वच्छ आहे. डॉक्टरांनी तरीही तिथेच दाबलं, माझा चेहरा बघितला आणि चार आठवडे विश्रांती सांगितली. कडक तळव्याचा बूट दिलाय, दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. फिजिओताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी रिपोर्ट घेऊन थेट रविवारची बॅग भरली असती. ग्रुपला ‘ट्रेकला येत नाही’ असं कळवलं.

फोंड्याचा_अनवाणी (रविवार, रात्री ९:०५)
गाडीतून देवळापर्यंत गेलो. बाकीचे धबधब्याकडे निघाले, मी महादेवाच्या मंडपात खांबाला टेकून बसलो. तिथे बूट काढावाच लागतो. कदंबांच्या काळातलं ते देऊळ काळ्या पाषाणाचं, बेसाल्टचं. त्या फरशीवर दोन्ही तळवे टेकवून बराच वेळ बसलो. आपल्या जांभ्या चिऱ्यासारखी टोचत नाही, गुळगुळीत, आणि बाहेर ऊन चढलं तरी आत थंडच. चार आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाले तर सुरुवात किती मिनिटांनी करू? आणि कुठे?

फिजिओ_म्हापसा
सपाट मातीच्या पायवाटेवर दहा मिनिटं, एक दिवस आड. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा दाबून बघायची. दुखली तर आठवडाभर थांबायचं, नाही दुखली तर पाच मिनिटं वाढवायची. सडा सगळ्यात शेवटी.

काजूची_बाग
मातीच शोधतोयस तर आमच्या बागेत ये. काजू पडायच्या आधी झाडांखालचा पाला झाडून घेतो, तेव्हा जमीन मोकळी असते, काटाकुटा दिसतो. मी पुढे चालते, तू मागून ये. आणि भिरंडेल मी देतेच.