लेक लेथवर तयार झाली, भाव ठरवायला कधी देऊ?

प्रश्न
माझं वय 61. गिअर कापायचं वर्कशॉप वडिलांनी सुरू केलं, मी चाळीस वर्षं चालवतोय. लेक इंजिनिअर होऊन तीन वर्षांपूर्वी आली. तिला सरळ केबिनमध्ये बसवलं नाही. वर्षभर आमच्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली ठेवलं. आधी बर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेची कूस काढणं, मग टूलला धार लावणं, मग लेथ. मायक्रोमीटरवर 0.01 मिलिमीटरचा फरक कुणालाही वाचता येतो, पण जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, बिघडतोय हे आवाजावरून ओळखायला कान तयार व्हावा लागतो. तिचा झालाय. मिस्त्री सहसा कौतुक करत नाहीत, तेही म्हणाले, "हात बसला."

अडलंय माझ्यापाशी. कोटेशन ती करते, शेवटचा आकडा मी बदलतो. गिऱ्हाइकाचा फोन आला की तिच्या हातातून घेतो. परवा म्हणाली, "बाबा, मी चुकणार कधी?" मला उत्तर देता आलं नाही.

शिवाय मुलगा दुसऱ्या क्षेत्रात आहे, त्याचा वाटा कसा धरू? आणि ज्यांनी तिला शिकवलं त्या मिस्त्रींना तिच्या हाताखाली काम करा, हे कसं सांगू?

उत्तर 1
काका, मी तुमच्या लेकीच्या जागी होतो. वडील अचानक दवाखान्यात गेले, तेव्हा बँकेत सही फक्त त्यांचीच चालायची. खात्यात पैसे असून पगार अडले. कुणाला किती सूट कबूल केलीय, हेही त्यांच्या डोक्यातच होतं. तिची सही आधी जोडून घ्या. मग एक लहान गिऱ्हाईक पूर्ण तिच्यावर सोपवा. किती नुकसान सोसायचं ते आधी ठरवा आणि नुकसान तेवढ्यात असेपर्यंत मध्ये पडू नका.

उत्तर 2
मालकी आणि कारभार वेगळे धरा. मुलाला नफ्यात वाटा देता येईल, पण कोणतं मशीन घ्यायचं हे रोज तिथे उभं राहणाऱ्यानंच ठरवावं. दोघांना समोर बसवून, तुम्ही धडधाकट असतानाच लिहून ठेवा. वारस पोटचाच हवा असंही नाही. सुझुकी कंपनीचे ओसामू सुझुकी त्या घराण्याचे जावई. त्यांनी सासरचं आडनाव घेतलं आणि 1978 मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. मिस्त्रींना थोडी भागीदारी देता येते का, त्याचाही विचार करा.

उत्तर 3
मी स्वतः मिस्त्री होतो, नंतर मालकाच्या मुलाच्या हाताखाली काम केलं. त्याचं दुःख नव्हतं. ही बातमी मला पॅकिंगच्या पोराकडून कळली, ते लागलं. तुमच्या मिस्त्रींना सगळ्यांच्या आधी, तुमच्या तोंडून कळू द्या.

प्रश्नकर्ता
मिस्त्रींशी आज बोललो. म्हणाले, "मी वाटच बघत होतो. फक्त कटर बदलायचा की नाही, ते मला विचारत जा म्हणावं." बँकेचा फॉर्म आणलाय. मुलाशी रविवारी तिघं मिळून बोलणार आहोत. एका पंपवाल्या गिऱ्हाइकाला लेकीचा नंबर दिला. दुपारी तिनं दिलेला आकडा मला कमी वाटला. तसाच जाऊ दिला.